भुऱ्या, बेस!

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. नेरहून यवतमाळला निघालं की वाटेत लागतं, एवढं पुरे. नाव न सांगण्याचं कारण असं की तिथल्या पालिकेतले जे कारकून या हकिकतीत येतात, त्यांची मुलं आता त्याच खुर्च्यांवर बसतात, आणि मला अजून नळाचं कनेक्शन मिळायचं आहे.

नवा महाराष्ट्र झाला त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. मी जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क होतो. घराच्या मागे बायकोनं, म्हणजे कोकिळानं, मेथी-सांभाराचा (कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात) वाफा केला होता. शेजारी बबनराव राहायचे. ते आमच्या वॉर्डाचे मेंबर. त्यांच्या पत्नी विमलताई शेळ्या पाळायच्या. शेळ्या सकाळी सुटायच्या आणि थेट आमच्या वाफ्यात यायच्या. मेंबरच्या शेळ्या असल्यामुळे त्यांना हाकलणं म्हणजे लोकप्रतिनिधीचा अपमान करण्यासारखं होतं. तेव्हा मी विचार केला की एक लहानसं कुत्रं पाळावं. ते भुंकेल, शेळ्या जातील, आणि आपण काहीच बोललेलो नसू.

कापसाच्या गाड्या घेऊन येणाऱ्यांत खेमसिंग नावाचा एक बंजारा शेतकरी होता. त्याचा तांडा गावापासून कोस-दीड कोसावर. त्याला मी म्हटलं, "खेमसिंग, एखादं लहानसं कुत्रं असलं तर आण बाबा."

पुढच्या खेपेला त्यानं धोतराच्या ओच्यातून एक राखाडी गोळा काढून माझ्या टेबलावर, आवक-जावक रजिस्टरवर ठेवला. गोळ्यानं तिथंच आपली आवक-जावक केली.

"लहानच राहील ना हा?" मी विचारलं.

"आता तं लहानच हाये, बाबूजी," खेमसिंग म्हणाला. याला खोटं बोलणं म्हणता येत नाही.

रंगावरून त्याचं नाव भुऱ्या. पावसाळ्यात तो मांजराएवढा होता, दिवाळीत बकरीएवढा झाला आणि संक्रांतीला त्यानं उभ्या उभ्या आमच्या भिंतीतल्या कोनाड्यातून, मान वर न करता, तिळाची पोळी उचलली. लांबच लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, कानांना झुपकेदार केस, आणि चेहरा असा गंभीर की वाटावं, आत्ता हा आपल्याला हिशेब विचारणार. शेळ्या यायच्या बंद झाल्या हे खरं. वाफा मात्र भुऱ्यानंच उकरून ठेवला, त्यामुळे त्यांना येण्याजोगं तिथं काही उरलंही नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. पहिला मान अर्थातच बबनरावांचा.

"नानाजी, हे लमाणी कुत्रं हाये. काय समजले? तांड्यावर याच्या जातीनं वाघ फाडले. एक दिवस हा तुमालेच धरते."

"मग करू काय?"

"दूध-भात चारा. मटणाचा वासई नोको. सात्त्विक होते."

फॅक्टरीतला फिटर म्हणाला, दूध-भातानं कुत्रं नामर्द होतं, त्याला लाल मिरची चारा. गल्लीच्या तोंडाशी राहणारा शिंपी म्हणाला, अंधाऱ्या खोलीत बांधून ठेवा, म्हणजे माणूस ओळखणार नाही आणि राखण पक्की होईल. शाळेतले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, छडी. त्यांच्याकडे सगळ्याच प्रश्नांना ते एकच उत्तर होतं. भुऱ्या हे सगळं बाजूला बसून ऐकायचा आणि सल्ला देणाऱ्याच्या चपला चावायचा. यात त्याची काही टीका होती असं मी म्हणत नाही.

मीही आपल्या परीनं त्याला शिकवत होतोच. मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेलो, म्हणून रुबाबात 'सीट डाऊन' म्हणायचो. कोकिळा 'बस रे' म्हणायची. येणारेजाणारे 'हट, हट' म्हणायचे. भुऱ्या तिघांकडे आळीपाळीनं बघायचा आणि उभाच राहायचा. आम्ही त्याला हट्टी म्हणायचो.

एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, मी त्याला फिरायला नेलं. दोर मनगटाला वेढे देऊन धरावा, म्हणजे सुटत नाही, असा कोणीतरी सल्ला दिला होता. सल्ला अगदी अचूक निघाला. दोर सुटला नाही. कापूस बाजाराशी आलो आणि समोरून एक मांजर आडवं गेलं. या जातीचं कुत्रं पळणारी वस्तू पाहिली की विचार करत नाही, आणि त्याच्या दोराला बांधलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळत नाही. आधी माझी टोपी गेली, मग वहाणा गेल्या, मग एका गाडीखालून, दुसऱ्या गाडीला वळसा घालून मी कापसाच्या ढिगात शिरलो आणि पलीकडून निघालो. घामानं अंग ओलं, त्याला नखशिखांत कापूस चिकटलेला. समोर आमचे मॅनेजरसाहेब दोन व्यापाऱ्यांना माल दाखवत उभे.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नानाजी," ते शांतपणे म्हणाले, "हा माल कोणत्या गाडीचा?"

व्यापाऱ्यांपैकी एकानं माझ्या खांद्यावरचा कापूस चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला, "ओल जास्त हाये."

ते वाक्य पुढे वर्षभर फॅक्टरीत माझ्या पाठीमागे फिरत होतं.

त्या रात्री मी जाहीर केलं की येत्या रविवारी कुत्रं तांड्यावर परत जाणार. कोकिळा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"शेजारचं पोरगं वांड निघालं, तर त्याच्या बापानं त्याला तांड्यावर नेऊन सोडलं का?"

"पोराची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? लहान असताना आणलं तुम्ही. मोठं होईल हे तुम्हाला कळायला पाहिजे होतं. त्याला नाही."

मी उठून सायकलच्या चाकात हवा भरायला घेतली.

तरी रविवारी मी सायकलवरून निघालोच. भुऱ्या आनंदानं शेजारून पळत होता, त्याला कुठं माहीत. तांड्यावर पोचलो तर त्याची आई, भाऊबंद, सगळे त्याच्यासारखेच, झाडाखाली आडवे पडलेले. त्यांच्या अंगावरून कोंबड्या जात होत्या, लहान पोरं त्यांच्या पाठीवर बसत होती. खेमसिंगची बायको लालीबाई हातातल्या बांगड्या मागे सारत भाकरी थापत होती. तिनं माझी कापसाची हकिकत ऐकली आणि इतकी हसली की भाकर तव्यावर करपली.

"तुम्हाला कसं शिकवता येतं?" मी खेमसिंगला विचारलं.

"कोन शिकवते, बाबूजी? आमी 'बेस' म्हंतो, ते बसते. दिसभर रानात पयते, मंग थकते, मंग कायले कोनाले चावन?" असं म्हणून त्यानं भुऱ्याकडे वळून "बेस!" म्हटलं. भुऱ्या बसला नाही. खेमसिंग ओशाळला. "इसरला शायद तुमच्या गावात जाऊन," तो म्हणाला. "मिरची चारून पाहा."

म्हणजे शेवटी तिथंही मिरचीच.

संध्याकाळी मी भुऱ्याला न सांगता सायकल काढली. पांदण ओलांडून सडकेला लागलो आणि मागं वळून पाहायचं नाही असं ठरवल्यामुळे लगेच मागं वळून पाहिलं. सडक रिकामी. पुढं पाहिलं तर भुऱ्या माझ्या पुढं, शेतातून आडवा येऊन, सडकेच्या मधोमध उभा, मी एवढा उशीर का करतोय अशा चेहऱ्यानं. मी सायकलवरून उतरलो आणि त्याच्या मानेत हात घातला. कोकिळाला घरी येऊन सांगितलं की खेमसिंगनं परत घ्यायला साफ नकार दिला. ती म्हणाली, "असं का?" आणि भुऱ्याची थाळी आधी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून खरं शिक्षण सुरू झालं, आणि सांगायला हवं की ते आमचं दोघांचं जास्त होतं. पहिला नियम कोकिळानं केला: घरात एका कामाला एकच शब्द. बसायला 'बेस', यायला 'आव'. तांड्यावरचेच शब्द, कारण ते आखूड होते आणि माझ्या इंग्रजीपेक्षा ऐकायला बरे होते. दुसरा नियम: मारायचं नाही, ओरडायचं नाही, आणि तो बसला की लगेच भाकरीचा तुकडा. तिसरा नियम माझ्या वाट्याला आला. रोज पहाटे टेकडीपर्यंत त्याच्याबरोबर पळायचं. हेडक्लार्क पायजमा खोचून पळतोय हे पाहून पहिल्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं, "नानाजी, कोन मेलं?"

भाकरीचे किती तुकडे गेले ते विचारू नका. पण होळीच्या सुमारास एके सकाळी मी 'बेस' म्हटलं आणि तो बसला. मी पुन्हा म्हटलं, तो पुन्हा बसला. मी इतका हरखलो की स्वतःही खाली बसलो आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. पुढे शेळी समोरून गेली तरी 'बेस' म्हटल्यावर तो बसायचा. अंग थरथरायचं, डोळे शेळीवर, पण बूड जमिनीवर.

आता हे कुत्रं सभ्य झालं, तर त्याला सरकारमान्य करावं म्हणून मी पालिकेत परवाना काढायला गेलो. कारकुनानं विचारलं, "जात?"

"लमाणी."

"ती मानसाची झाली. कुत्र्याची सांगा."

"कुत्र्याचीही तीच आहे."

"आपल्याकडे दोनच जाती हायेत. देशी अन् विलायती." त्यानं खिडकीतून भुऱ्याकडे पाहिलं. "देशी एवढं उंच नसते. अन् हे विलायती हाये म्हनाल तं साहेबाचा दाखला लागन. ढोराच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आना."

ढोरांचे डॉक्टर नवे, पोरसवदा होते. म्हशींशी त्यांचं जमायचं, पण भुऱ्याला पाहून ते टेबलापलीकडेच थांबले. मी "बेस" म्हटलं, भुऱ्या बसला. डॉक्टरांनी लांबूनच नीट पाहिलं आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून दिलं: 'सदर प्राणी कुत्रा असून तो बसलेला आहे.' कारकुनाचं त्यावर समाधान झालं. पण कुत्र्यांचे पितळी बिल्ले संपले होते, म्हणून त्यानं सायकलीचा बिल्ला दिला. भुऱ्या पुढे आयुष्यभर कायदेशीररीत्या सायकल होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं घडलं नसतं. पण कोकिळा म्हणाली, लोक त्याला घाबरतात कारण त्यांनी त्याला जवळून पाहिलंच नाही. तेव्हा चैत्रात तिनं गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. बायका आल्या त्या भिंतीला धरून, पदर गच्च आवळून. भुऱ्या कोपऱ्यात आपला बसलेला. पन्हं झालं, डाळ झाली, गाणी झाली. विमलताईंनी तर लांबून त्याच्या दिशेनं डाळीचा कण टाकला. कार्यक्रम असा छान रंगला की भुऱ्याला वाटलं, आता सगळं ठीक आहे, आपण झोपावं. तो उठला आणि थंड फरशी पाहून उंबऱ्यात आडवा झाला. त्याच्या लांबीला तो उंबरा अगदी बेताचा होता.

आता घराला मागचं दार होतं, पण भुऱ्यानं पुन्हा वाफा उकरू नये म्हणून मी त्या बाजूला काट्याचं कुंपण घातलेलं. कोकिळा त्याला उठवू लागली, तर विमलताई ओरडल्या, "नोको माय, झोपलेल्या वाघाले उठवू नोको!" दुसऱ्या बायका म्हणाल्या, उठेल आपोआप. तो उठला नाही. पहाटे टेकडीपर्यंत पळवून आणलेलं कुत्रं, ते कशाला उठेल? दिवेलागण झाली. मी फॅक्टरीतून आलो तेव्हा गल्लीतले तमाम नवरे आमच्या अंगणात उपाशी उभे होते आणि आतून बायका खिडकीतून त्यांना सांगत होत्या की पीठ कुठल्या डब्यात आहे.

मी "भुऱ्या, आव," म्हटलं. तो उठून माझ्याकडे आला, बायका सुटल्या. पण बबनरावांचा चेहरा मला विसरता येत नाही. त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं पिठलं केलं होतं आणि त्याचा एक घास खाऊनही पाहिला होता.

आठवड्याच्या आत पालिकेत अर्ज गेला. 'सदर हिंस्र जनावराने आमच्या कुटुंबांस डांबून ठेवले.' सगळ्यात वर सही बबनरावांची. पालिकेचं काम सहसा सावकाश चालतं, पण यावेळी उपाशी माणसांनी अर्ज केला होता. एक समिती नेमली: बबनराव, आरोग्य निरीक्षक आणि ढोरांचे डॉक्टर. समितीनं जनावर पाहावं, आणि ते धोक्याचं ठरलं तर पालिकेच्या बंदूकवाल्यानं त्याची व्यवस्था लावावी. व्यवस्था या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळत होता. कोकिळानं त्या दिवशी स्वयंपाक केला, पण जेवली नाही. मी पळायला जायचो ते आता टेकडीच्या पलीकडेपर्यंत जाऊ लागलो. भुऱ्याला काही कळत नव्हतं, तो रोज जास्त खूश होता.

समितीचं येणं पुढं ढकलत ढकलत अखेर पावसाळ्यात ठरलं, आणि पालिकेनं कॅलेंडर न पाहता नेमका पोळ्याचा दुसरा दिवस दिला. आमच्याकडे त्या दिवशी तान्हा पोळा असतो. गल्लीतली सगळी पोरं लाकडी बैल सजवून, चाकांवर खडखड ओढत दारोदार फिरतात, आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो, खाऊ नाहीतर सुटे पैसे. म्हणजे जे जे काही खडखडतं, पळतं आणि किंचाळतं, ते सगळं त्या दिवशी आमच्या दारासमोरून जाणार होतं.

मी भुऱ्याला घेऊन ओट्यावर बसलो. दोर हातात, मनगटाला वेढे नाहीत, तेवढं शिकलो होतो. गल्ली उताराची, रात्रीच्या पावसानं चिखल झालेला. वरच्या बाजूनं पोरांची मिरवणूक निघाली, खालच्या बाजूनं समिती आली. भुऱ्याचे कान उभे झाले. "बेस," मी म्हटलं. बसला. पहिला बैल गेला, दुसरा गेला, झुली चमकल्या, चाकं वाजली. भुऱ्या थरथरत होता, पण बसलेला होता. डॉक्टर लांबून कौतुकानं मान हलवत होते. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात एका मोठ्या लाकडी बैलाची दोरी तुटली. बैल उतारावरून एकटाच सुटला, खडखड खडखड. मागे त्याचा मालक "माहा बैल! माहा बैल!" करत पळाला, त्याच्यामागे सगळी पोरं. खालून येणाऱ्या बबनरावांना फक्त एवढं दिसलं की पोरं ओरडत पळताहेत. "सुटलं! कुत्रं सुटलं!" म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि धोतर सावरत पळाले. निरीक्षकही पळाले. आणि पळणाऱ्या मेंबराला पाहिल्यावर मात्र भुऱ्याचा संयम संपला. माझ्या ओल्या हातातून दोर सळकन गेला. बाणासारखा तो पोरांना ओलांडून, बैलाला ओलांडून बबनरावांच्या मागे.

मी उभा राहिलो. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माझ्या गळ्यातून एक आवाज निघाला, जो मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"बेऽऽऽस!"

भुऱ्या पळता पळता बसला. बसल्या बसल्या चिखलातून घसरत गेला आणि बबनरावांच्या पोटऱ्यांवर जाऊन टेकला. बबनराव मटकन खाली बसले. निरीक्षक ज्या ओट्याशी होते त्यावर बसले. डॉक्टर उकिडवे बसले. पोरं जिथं होती तिथं चिखलात बसली. विमलताई दारात पाहत उभ्या होत्या, त्या उंबऱ्यावर बसल्या. गल्लीत चिडीचूप. चालत होता तो फक्त लाकडी बैल. तो सगळ्यांच्या मधून खडखडत गेला आणि नालीत पडला.

बबनरावांच्या नाकासमोर भुऱ्याचं नाक होतं. भुऱ्यानं त्यांना हुंगलं आणि त्यांच्या गालावरचा चिखल एका चाटण्यात साफ केला.

"नानाजी," बबनराव ओठ न हलवता म्हणाले, "मी उठू काय आता?"

कोकिळा हातात टोपलं घेऊन बाहेर आली. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या होत्या. ती शांतपणे चालत गेली, एक तुकडा भुऱ्याला दिला, आणि एक अख्खी पोळी बबनरावांच्या हातावर ठेवली.

"मले काहून?"

"बसेल त्याला मिळतं, भाऊजी. आमच्या घरचा नियम आहे."

बबनराव पोळीकडे पाहत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि चिखलात बसल्या बसल्या तो मेंबर असा हसला की दारात विमलताईंनाही हसू आवरेना. पोरांनी नियम चटकन ओळखला आणि सगळी मांडी घालून ओळीनं बसली. आमच्या पोळ्या संपल्या, विमलताईंनी घरातून आपल्या आणल्या, शिंप्याच्या घरून करंज्या आल्या. बबनरावांनी दुसऱ्या पोळीचा अर्धा भाग भुऱ्याला दिला. कोणी म्हटलं, आता उठा, तर म्हणाले, "थांबा ना बावा, अजून एक येऊन राह्यली."

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला. "मेंबरसाहेब, अहवालात काय लिहू?"

बबनरावांनी तोंडातला घास संपवला, एक हात भुऱ्याच्या मानेवर ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं,

"लिहा. समितीची बैठक जागेवरच झाली, अन् शांततेत पार पडली."